रजेच्या अर्जातलं खरं कारण

सुनंदा गेल्याचं तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. झोपेतच गेली, म्हणाली. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं... एकेकाळी तिला झोपच येत नसे.

ऐंशीच्या दशकात कट्टा गावाजवळ आम्ही दोघी एकाच घरात शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहायचो. मी सरकारी दवाखान्यात नर्स, ती हायस्कुलात गणिताची बाई. निकाल खाली आला की बाईंचं चुकलं, पोरगा शाळा सोडून होडीवर गेला तरी बाईंचंच. एका वर्षी तिचं जेवण सुटलं, फळ्यासमोर साधी बेरीज अडू लागली. मी ताप पाहिला, रक्तदाब पाहिला, सगळं ठीक. मग एका संध्याकाळी पायरीवर बसून ती म्हणाली, "तुझी ड्यूटी सरली की तू चार्ज देऊन घराक येतंस. माझो चार्ज कोण घेता?"

माणसं मरताना पाहणारी मी. माझंच काम जड, असं तोवर वाटायचं. पण माझे रोगी दुसऱ्या नर्सच्या ताब्यात देऊन मी निघायचे. तिची चाळीस पोरं तिच्याबरोबर घरी यायची.

गोव्यातल्या डॉक्टरांनी औषधं दिली, दोन महिने विश्रांती सांगितली. मुख्याध्यापक भला माणूस. गावात बोभाटा नको म्हणून अर्जात कावीळ लिहा, म्हणाले. सुनंदानं माझ्यासमोर लिहिलं, 'मनाच्या आजारावर उपचार चालू आहेत.' तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, मी घाबरले. ती म्हणाली, "आज मी कावीळ लिवली, तर उद्या दुसऱ्या बाईंक पण कावीळच लिवची लागतली."

लग्न मोडलं. त्याचं तिला किती लागलं, ते मी कधी खोदून विचारलं नाही. दोन महिन्यांनी मात्र ती वर्गावर उभी राहिली, आणि निवृत्त होईपर्यंत हसतखेळत शिकवत राहिली.

गेल्या आठवड्यात शाळेत तिच्यासाठी सभा झाली. नंतर एक तरुण शिक्षिका मला शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई नव्या शिक्षकांना इथं चहाला बसवायच्या, असं तिनं सांगितलं. कुणाला वर्गात जायची भीती वाटते, कुणाला घरी गेल्यावर रडू येतं, ते इथंच बोलून व्हायचं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं... ती बैठक अजून चालू आहे. शनिवारच होता. पाचसहा जणांनी खुर्च्या ओढल्या, माझ्या हाती कप दिला, आणि त्या मुलीनं विचारलं, "मावशी, तुमी कशे आसात?"

मी सांगू लागले. कुणालाही घाई नव्हती.