गुरुवारची कारंजी

आमच्या घरी सुट्टी गुरुवारी असायची. रविवार शाळेचा, बँकेचा आणि पुण्यातल्या लोकांचा. वीज पुरावी म्हणून प्रत्येक भागातल्या कारखान्यांना सुट्टीचा वेगळा वार वाटून दिला होता म्हणे, आणि पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला होता. त्यामुळे कासारवाडीच्या आमच्या चाळीत बारशी, मुली दाखवणं, गाद्या उन्हात टाकणं, सगळं गुरुवारी. एकच अडचण होती. गुरुवार दत्ताचा. म्हणून मटण बुधवारी रात्री शिजायचं, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही वरणभात खाऊन आदल्या दिवसाचे ढेकर द्यायचो.

बाबा कारखान्यात इन्स्पेक्टर होते. हे ऐकून नवीन भाडेकरू आठवडाभर दबून असायचे. मग कळायचं, की हा इन्स्पेक्टर चोर पकडत नाही, दातेरी चाकं तपासतो. त्यांच्याकडे दोन टोकांचा एक पोलादी गेज असे. एक टोक चाकाच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास, नाहीतर रिजेक्ट. "जवळजवळ पास असं काही नसतं," हे त्यांचं वाक्य माझ्या गणिताच्या पेपरांनाही लागू होतं. त्यांनी पास केलेलं चाक कधी परत आलं नाही, असं कारखान्याच्या फाटकावरचे लोकही सांगायचे. मी ते शाळेत सांगायची, थोडं वाढवून.

थोडं वाढवून सांगणं हा माझा जन्मजात गुण. आता पन्नाशी जवळ आली तरी गेलेला नाही.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा आम्ही पहिल्यांदा बागेला गेलो. दोन वर्षांतून एकदा कंपनी प्रवासभत्ता द्यायची, आणि त्या वर्षी बाबांनी ठरवलं, की कर्नाटकातल्या एका धरणाखालची ती मोठी बाग बघायची. तिथे झुकझुकगाडी होती, होड्या होत्या, उंच पाळणा होता, कापून हत्ती-उंट केलेली झुडपं होती, राहायला खोल्या होत्या. आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी रंगीत दिव्यांची कारंजी. कॅलेंडरवर त्यांचं चित्र यायचं. बागेचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात बागेचा काडीइतकाही दोष नव्हता.

बाबांनी आधी पत्र पाठवलं. उत्तराचं कार्ड आलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, कारंज्यांचे दिवे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी लागतात. बाबांनी ते तीनदा वाचलं, खाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली, आणि खोली गुरुवारची घेतली. परतीचं रिझर्व्हेशन शुक्रवारचं.

कार्ड आईनं वाचलं. मी वाचलं. समोरच्या खोलीतल्या मालकीणकाकूंनी वाचून घेतलं. त्या मूळच्या कासारवाडीच्याच, चाळ त्यांचीच, आणि दोन्ही मुलगे कारखान्यात. कुणालाही काही खटकलं नाही.

मिरजेला गाडी बदलून, मग बसने, आम्ही गुरुवारी दुपारी पोचलो. झुकझुकगाडीत बसलो, होडीत बसलो, उंटाच्या झुडपाशेजारी मी उंटासारखं तोंड करून उभी राहिले. संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही कारंज्यांसमोर पहिल्या बाकावर जाऊन बसलो. आसपास कुणीच नव्हतं. बाबा म्हणाले, "बघ, लवकर आलं की जागा मिळते."

अंधार पडू लागला. पाणी उडत होतं, पण नुसतं. शेवटी बाबा राखणदाराकडे गेले. मागोमाग मी.

"दिवे कधी लागणार?"

"छुट्टी के दिन," राखणदार म्हणाला.

"आज छुट्टी है."

राखणदारानं आकाशाकडे पाहिलं, मग बाबांकडे. "किस बात की?"

"गुरुवार है," बाबा म्हणाले.

तो माणूस चांगला होता. हसला नाही. फक्त हळूच म्हणाला, "साहब, छुट्टी इतवार को होती है."

बाबा बाकावर परत आले आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसले. आईनं दशम्यांचं फडकं सोडलं, शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हणाली, "पाणी तर दिसतंय."  शुक्रवारच्या गाडीत बाबांनी ते कार्ड चौथ्यांदा वाचलं.

शनिवारी संध्याकाळी चाळीच्या पायरीवर मालकीणकाकू वाटच बघत होत्या. त्यांच्यामागे अख्खी गॅलरी.

"काय इन्स्पेक्टरसायेब, दिवे कसे व्हते?"

बाबा बुटाच्या नाड्या सोडायला वाकले. ते इतका वेळ वाकलेले राहिले, की मला राहवलं नाही. मी ट्रंकेवर चढले.

"सात रंग," मी म्हणाले. "आधी तांबडा."

पुढचं मला आठवतंय तसं लिहिलं तर पानं पुरणार नाहीत. माझ्या कारंज्यांनी ताल धरला. एक कारंजं तर गिरकी घेऊन गुडघ्यावर बसलं. ओल्या टॉवेलचे शिंतोडे मी पुढच्या रांगेवर उडवले. आईनं पदर तोंडाला लावला, आणि सगळ्यांना वाटलं, आठवणीनं भारावली. काकू म्हणाल्या, "पोरीनं डोळ्यांम्होरं उभं केलं."

त्या रात्री बाबा मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी दिवसभर चुकीचा माल अडवतो." वाक्य पूर्ण केलं नाही. पण सकाळी उठून त्यांनी कुणाला खरंही सांगितलं नाही, कारण मग मी खोटारडी ठरले असते. पाव्हणेरावळे आले की काकू मला हाक मारायच्या. मी टॉर्चला रंगीत जिलेटिनचा कागद लावून प्रयोग करायची, आणि बाबा तेवढ्यात पाणी भरायला जायचे. कारखान्यातही कुणी विचारलं की म्हणायचे, "पोरीला विचारा." शब्द एकही खोटा नव्हता. पण माझ्या बाबांसारख्या माणसाला ते "पोरीला विचारा" जड जायचं, हे मला त्या वयातही दिसत होतं. घरात एक चुकीचं चाक पडून होतं. त्याच्यावर ना पासचा शिक्का, ना रिजेक्टचा.

दोन वर्षांनी भत्ता पुन्हा आला. आईला समुद्र बघायचा होता. बाबा म्हणाले, "बागेला जायचं."

काकूंनी विचारलं, "एकदा बगून झाली न्हवं?"

"नीट बघायचीये."

या वेळी पत्रात 'रविवार' हा शब्द दोनदा आला. आम्ही शनिवारी पोचलो, खोली सोमवारपर्यंत. रविवारी चार वाजता बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पहिला बाक गाठला. खिशात वही आणि पेन्सिल. दिवस मावळेपर्यंत मागे इतकी माणसं जमली, की मान वळवली तर फक्त डोकी.

आणि दिवे लागले.

 हजारो माणसांच्या तोंडून एकदम जो 'हा' निघाला, तो मी माझ्या प्रयोगात कधी घातलाच नव्हता. वाऱ्याबरोबर तुषार तोंडावर आले. पाणी आतूनच पेटल्यासारखं दिसत होतं.

"पाच," बाजूला बाबा म्हणाले.

"काय पाच?"

"रंग. तू सात सांगितलेस."

"पांढरा धरलात?"

"धरला." त्यांनी घड्याळ बघून वहीत काहीतरी लिहिलं. "आणि एकही गुडघ्यावर बसत नाही."

 थोड्या वेळानं पाहिलं तर वही मिटलेली होती आणि बाबांचं तोंड लहान मुलासारखं उघडं होतं. मी परत कारंज्यांकडे वळले.

घरी आल्यावरचा पहिला गुरुवार. गॅलरीत सतरंजी पसरली, सगळे जमले, काकूंनी मला पुढे ढकललं. पण बाबा उठून उभे राहिले. चार माणसांत दोन वाक्यांपेक्षा जास्त न बोलणारा माणूस. 

"मागच्या वेळी आम्ही दिवे बघितले नाहीत," बाबा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी दिवे लागतात, असं कार्डावर होतं. मी गुरुवार धरला. चूक माझी. पोरीनं सांगितलं ते तिच्या मनातलं होतं. मी तिथंच होतो, अडवलं नाही. दोन वर्षं अडवलं नाही."

 बाबा ताठ उभे होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे. मग काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आन मंग गुरवारी न्हाई, तर सुट्टी आसती कवा?"

"तेच तर," कोपऱ्यातले फिटरकाका म्हणाले. "राव, कार्डात वार लिहायला काय झालं होतं त्यांना? मीपण गुरुवारच धरला असता."

"व्हय की. कुनीबी धरंल."

बघता बघता सगळी चाळ बागेवर तुटून पडली. बाबा परत परत सांगत होते, की चूक बागेची नाही, त्यांचीच आहे, आणि कुणी ऐकून घेईना. पण त्यांचे खांदे खाली आले होते. दोन वर्षं पाणी भरायला पळणारा माणूस आपल्या जागेवर उभा होता. मला वाटलं, सगळ्यांना ओरडून सांगावं, हे माझे बाबा. पण ते सगळ्यांना माहीतच होतं.

काकू माझ्याकडे वळल्या. "बगितलं न्हवतंस? मंग येवडं आनलंस कुठनं?"

मी मान खाली घातली. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. "आगाव," त्या म्हणाल्या, पण शिवी वाटली नाही.

बाबांनी वही काढून वाचायला घेतलं. रंग पाच. कोणता किती वेळ टिकतो. नळांच्या रांगा किती. तिसऱ्या ओळीला मुलं चुळबुळायला लागली, पाचव्या ओळीला फिटरकाकांनी जांभई दाबली.

"सायेब," काकू म्हणाल्या, "तुमचं समदं खरं हाय. पन पोरीला सांगू द्या."

बाबांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरकून सतरंजीवर जागा केली. "सांग. मी इथं बसलोय."

मी सुरुवात केली. तो 'हा' मी सगळ्या गॅलरीकडून एकदम काढून घेतला, तुषार उडवले, तांबडा, हिरवा, निळा, पिवळा, पांढरा आणला, आणि सवयीनं जांभळ्याकडे हात नेला. बाबा खाकरले. गॅलरी हसली. मी जांभळा परत ठेवला. एक कारंजं वाकायला लागलं, तेव्हा ते पुन्हा खाकरले. मी त्याला सरळ केलं.

"झालं?" मी विचारलं. "काही राहिलं का?"

"एक राहिलं," बाबा म्हणाले. वही मिटलेली होती. "हिरवा रंग आला तेव्हा हिच्या आईचं पांढरं पातळ हिरवं झालं होतं. तोंडसुद्धा. नाकातली चमकी तेवढी पांढरी राहिली."

 हे मी पाहिलंच नव्हतं. मी सगळा वेळ पाण्याकडे बघत होते.

"पुरे," आई म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.