दसऱ्याला उघडलेलं बॉनेट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही हा विषय मी शिताफीने टाळत आले. तुम्हालाच का सांगते आहे? ते मलाही नीट ठाऊक नाही. सांगायला बसले आहे आणि मधे उठणार नाही, एवढंच.

आधी मी कशी बाई आहे ते सांगायला हवं. मी याद्या करणारी. सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळींत कुणाला भाड्याचा फ्लॅट हवा असो, मुलाला शाळेत घालायचं असो, पहिला फोन मला यायचा. गणपतीच्या जेवणाला पानं किती होतील हे मी आधीच सांगायचे आणि शेवटी ना अन्न उरायचं ना कमी पडायचं. 'सुनीता विसरत नाही,' हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते आडनावासारखं मला चिकटलं होतं. विसरणाऱ्या माणसांबद्दल मला काय वाटायचं? थोडी कीव, आणि खरं सांगायचं तर बराचसा तिटकारा.

परदेशी नोकरदारांसाठीचा एस-पास हा कामाचा परवाना नुकता सुरू झाला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही सेम्बावांगला राहत होतो. माझा नवरा मुकुंद बँकेत, आणि कामासाठी सारखा जकार्तात. सासूबाई पुण्याहून मुक्कामाला आल्या होत्या. गाडी आमची नवी होती, वॉरंटीतली. सिंगापुरात गाडी इतकी महाग की घर घेताना करावा तेवढा विचार माणूस ती घेताना करतो, म्हणून सर्व्हिसिंग मी डीलरकडेच करायचे. तिथे शिरीष होता.

शिरीष नाशिकचा, तिशीतला, जरा लाजरा. डीलरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर असायचा. गाडी ताब्यात घ्यायची, काम झालं की शेवटची तपासणी स्वतः करायची, सही करायची, किल्ली परत द्यायची, हे त्याचं काम. बायको मधुरा, आणि शाळेत जायला लागलेली एक मुलगी. तो एस-पासवर होता. नोकरी आहे तोवर पास, आणि पास आहे तोवर घर, शाळा, सगळं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मधुराचे आणि मुलीचे पासचे कागद मीच पुढे बसून भरून दिले होते.

दसऱ्याच्या आधी गाडीचं सर्व्हिसिंग झालं. तेल नवं, फिल्टर नवा. 'आता बिनघोर चालवा, वहिनी,' असं म्हणून त्याने किल्ली हातात दिली.

दसऱ्याला आम्ही मल्टिस्टोरी कारपार्कमध्ये गाडीची पूजा केली. झेंडूचा हार लिटिल इंडियातून आणलेला, चाकांखाली लिंबं. नारळ मी घरूनच फोडून आणला होता. कारपार्कमध्ये पाणी सांडलं की तक्रार होते. शेजारचे चिनी अंकल पिशव्या घेऊन चालले होते, ते थांबले. गाडीचा पण बर्थडे असतो का, आणि मग केक कुठे आहे, असं त्यांनी इथल्या लकबीत शेवटी 'लाह' लावून विचारलं. मी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. सासूबाईंचं मात्र समाधान होईना. हार बाहेरच्या पत्र्याला आणि राबतं ते आतलं इंजिन, त्याला नको का कुंकू? बरोबरच होतं त्यांचं. मी बॉनेट उघडलं. इंजिनला हळदकुंकू वाहिलं. आणि...

नाही, आधी एक्स्प्रेसवेवरचं सांगते.

दसऱ्यानंतर काही दिवसांनी सासूबाईंना घेऊन मी दिवाळीच्या खरेदीला निघाले होते. वाटेत त्या म्हणाल्या, काहीतरी जळतंय गं. बाहेरून येत असेल, मी म्हटलं. आदल्या दिवशीही मला तो वास आला होता, तेव्हाही मी हेच स्वतःला सांगितलं होतं. मग समोर तेलाचा लाल दिवा लागला. मी लगेच थांबले का? नाही. पुढच्या वळणावर बाहेर पडू, असा विचार केला. तेवढ्यात इंजिन ठोकल्यासारखं वाजायला लागलं, आणि कडेला येईपर्यंत बंद पडलं.

शेजारून ट्रक धडाडत जात होते. सासूबाईंना मागेच बसवून मी खाली उतरले आणि बॉनेट वर केलं. आत सगळीकडे तेल उडालेलं. बॉनेटच्या आतल्या बाजूने ते ठिबकत होतं. तेल ओततात त्या तोंडावर झाकण नव्हतं. ते बाजूला एका नळीला टेकून पडलं होतं, आणि त्यावर कुंकू होतं. माझं. तेलात भिजून तपकिरी झालेलं, पण बोटाचा आकार स्पष्ट.

आता सांगते. दसऱ्याला, कुंकू लावून झाल्यावर, मी ते झाकण फिरवून काढलं होतं. कशाला? सर्व्हिसिंग झालं की सगळं एकदा स्वतः बघायचं, ही माझी रीत. काम नीट झालंय की नाही, याबाबत मी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. आत नवं तेल मधासारखं चमकत होतं, ते मी सासूबाईंना कौतुकाने दाखवलं. तेवढ्यात मुकुंदचा जकार्ताहून फोन आला. मी झाकण तोंडावर ठेवलं. नुसतं ठेवलं. फिरवलं नाही. बॉनेट बंद केलं आणि बोलत बोलत लिफ्टकडे गेले.

त्या रस्त्याच्या कडेला हे सगळं मला एका क्षणात आठवलं. आणि दुसऱ्या क्षणी? मी पर्समधून टिश्यू काढला आणि कुंकू पुसलं. इंजिनवरचंही पुसलं. टिश्यूचा बोळा पर्समध्ये टाकला. झाकण मात्र उचलून लावलं नाही, होतं तिथेच राहू दिलं. तेल भरल्यावर झाकण लावायला विसरणं ही वर्कशॉपमध्ये होणारी चूक, हे मला माहीत होतं. म्हणजे माझं डोकं किती शांत चाललं होतं बघा. घाबरून केलं असं मी म्हणू शकत नाही. मी विचार करून केलं.

गाडी टो करून नेली. काउंटरपाशी शिरीष, त्याचा मॅनेजर, मी, आणि मागच्या सोफ्यावर सासूबाई. गळती कुठेच सापडली नव्हती. सगळं तेल त्या उघड्या तोंडातून गेलं होतं. मी मुद्देसूद बोलले. गाडी तुमच्याकडून कधी आली, त्यानंतर दुसऱ्या कुणाकडे गेली नाही, इंजिन बसलं ते भर एक्स्प्रेसवेवर, बरोबर वयस्कर बाई. माझे मुद्दे नेहमीच बिनतोड असतात. मॅनेजर मान हलवत राहिला. शिरीष म्हणत होता की झाकण त्याने स्वतःच्या हाताने तपासलं होतं. मग तो थांबला, माझ्याकडे वळला आणि मराठीत बोलला. मॅनेजरला कळू नये म्हणून नव्हे. मला अवघड वाटू नये म्हणून.

"वहिनी, दसऱ्याची पूजा केली असेल ना गाडीची? तेव्हा बॉनेट उघडलं होतं का?"

अख्ख्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये हा प्रश्न सुचेल असा तो एकटाच माणूस होता. आणि किती हळू विचारला त्याने. 'हो' म्हणायला याहून सोपी वाट कुणी कुणाला करून दिली असेल?

"नाही रे. हार घातला, लिंबं ठेवली, झालं."

मॅनेजरने विचारलं, काय म्हणतोय हा. मी इंग्रजीत सांगितलं की तो आमच्या सणाची चौकशी करतोय. शिरीष कागदावरची आपली सही पुन्हा बघू लागला. सोफ्यावरून सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं.  परतताना टॅक्सीत त्या म्हणाल्या,

"त्याची मुलगी केवढी आहे गं?"

"असेल सहा-सात वर्षांची," मी म्हटलं. पुण्याला परत जाईपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही. त्या वारल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुकुंदलाही त्यांनी सांगितलं नसावं. माझी चूक त्यांनीही आपल्याजवळ ठेवली. म्हणजे तीही मी त्यांच्यावर लादली.

आमचं इंजिन कंपनीने बदलून दिलं. शिरीषच्या नावावर त्या सुमारास आणखी एका गाडीची तक्रार होती. दोन मिळून पुरेशा झाल्या. नोकरी गेली, पास रद्द झाला, आणि देश सोडायला थोडे दिवस मिळाले. दुसरी नोकरी तेवढ्यात मिळाली नाही.

आणि मग मी काय केलं? जे मला येतं ते. त्यांचा फ्रिज विकून दिला, सामान पाठवायची सोय केली, मुलीचा शाळेचा दाखला वेळेत मिळवला, निरोपाचं जेवण घातलं. 'सुनीताताई होत्या म्हणून निभावलं,' मधुरा सगळ्यांदेखत म्हणाली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हाताने.

शेवटच्या दिवशी शिरीष खोकी बांधत होता. चिकटपट्टी दाताने तोडता तोडता म्हणाला, "वहिनी, झाकण फिरवल्याचं माझ्या हाताला अजून आठवतंय. पण मग ते उघडं कसं सापडलं? आता माझ्या हातावर माझाच भरवसा नाही राहिला."

खोलीत आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. पास परत मिळाला नसता कदाचित, पण हात परत मिळाला असता. मी कात्री शोधून त्याच्या पुढे धरली. दातांनी तोडू नकोस, म्हटलं.

मधुराचा अजून दिवाळीला फोन येतो. शिरीष गाड्यांच्या कामात परत गेला नाही. नाशिकला मेव्हण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसतो. गेल्या दिवाळीला ती हसत हसत सांगत होती की याच्याबरोबर बाहेर पडणं म्हणजे शिक्षा आहे. घराला कुलूप लावून खाली येतो, गेटपर्यंत जातो, आणि परत जिना चढून कुलूप ओढून बघतो. कधी कधी रिक्षा थांबवून ठेवतो. मुलगी चिडवते, आता तिचं लग्न झालं तरी चिडवते. मीही फोनवर हसले.

कुलूप नेहमी लागलेलंच असतं, असं मधुरा म्हणाली.