काटे काढलेला घास

माझी मोठी बहीण चाळिशीची आहे, पण समज लहान मुलीची. आमच्या तलावातल्या मासळीला काटे फार. आई ते काढून तिला घास भरवायची आणि ती गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहायची.

ब्रह्मपुरीहून दर बुधवारी अशा मुलांच्या घरी येणारी संस्थेची ताई म्हणाली, "बाई, तिले तिच्या हातानं खाऊ द्या."

"काटा अडकला त?"

मलाही ताईचा रागच आला. हिला मासळीतलं काय कळतं?

तरी आईनं अख्खा मासा वाढला. बहिणीनं बोटांनी चाचपून एकेक काटा काढला. भात गार झाला. मग तिनं पहिला घास आईच्या तोंडात घातला आणि तिच्या गळ्याकडे बघत राहिली.