गाण्यातली थांबायची जागा

डावा हात वर गेला की थांबायचं, खाली आला की पुढे. सर जिन्यात भेटले तरी हेच. आपण काही विचारावं, तर हात वर. दम लागलेला असे. श्वास जमला की हात खाली आणि मग उत्तर. दाल बाजारातले प्रवासी टेम्पोवालेसुद्धा त्या हाताला थांबत. बिचाऱ्यांना वाटे, सवारी आहे.

सर आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवत, मी वनस्पतिशास्त्र. दमा त्यांचा जुना. पण त्याविषयी बोललेलं खपत नसे. "काही नाही, थंडी आहे," असं ते मे महिन्यातही सांगत.

कॉलेजला स्वतःचं गीत हवं, असं तेव्हाच्या प्राचार्यांच्या मनात आलं. शब्द हिंदी विभागाने दिले. चाल लावायचं काम सरांकडे आलं, कारण पेटी त्यांच्या घरी होती. एवढी पात्रता पुरेशी ठरली.

चाल मात्र सुरेख झाली. तालमीत ते स्वतः गाऊन दाखवत. पहिल्याच दिवशी दुसऱ्या ओळीनंतर दम संपला आणि हात वर गेला. मुलं थांबली. एका मुलीने विचारलं, "सर, यहाँ रुकना है क्या?"

सरांनी श्वास घेतला. हात खाली आला. "हाँ, रुकना है।"

मी शेजारीच उभी होते. अशा रीतीने ती जागा गाण्यात कायम झाली.

ग्वाल्हेरात गाण्यातलं आपल्याला कळलं नाही, असं कुणी कबूल करत नाही. कार्यक्रमाला आलेल्या एका पाहुण्यांनी त्या शांततेत आपल्या घराण्याची खूण ओळखली. दुसऱ्यांनी हुतात्म्यांसाठी मान खाली घातली. सर प्रत्येकाला "आपण बरोबर ओळखलंत" म्हणत. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट होई.

सर निवृत्त झाले. नव्या प्राचार्यांनी गीत स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतलं. तिथल्या माणसाला ती जागा बिघाड वाटली; त्याने ती कापून दोन्ही ओळी जोडून टाकल्या. "अब स्मूथ है," म्हणत प्राचार्य खूष. स्नेहसंमेलनात ते वाजलं, तेव्हा सर पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते. दुसरी ओळ संपली. त्यांचा हात वर गेला. गाणं पुढे निघून गेलं. हात क्षणभर तसाच राहिला, मग त्यांनी तो केसांवरून फिरवला. केस फारसे नव्हते.

"सर, मी सांगते प्राचार्यांना," मी म्हटलं.

"काय सांगणार? मला दमा आहे म्हणून?" तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "राहू द्या, बाई. गाणं निरोगी झालं."

पण जयेंद्रगंजला त्यांच्या घरापाशी ऑटोतून उतरताना म्हणाले, "जागा चांगली होती पण ती." मला फार वाईट वाटलं.

या हिवाळ्यात सर गेले. शोकसभेत प्राचार्यांनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं आणि मुलं सोबत गाऊ लागली. दुसऱ्या ओळीनंतर सगळी थांबली. जुन्या मुलांनी नव्यांना तसंच शिकवलं होतं. रेकॉर्डिंग एकटंच पुढे गेलं. प्राचार्यांनी चिडून शिपायाकडे पाहिलं. त्याला वाटलं, बंद करायला सांगताहेत. त्याने बटण दाबलं.

मुलं माझ्याकडे बघत होती. का, ते मला जरा उशिराच कळलं. माझा डावा हात वर होता.

तो खाली आला की गाणं पुढे जाणार होतं. मी थोडा वेळ तसाच ठेवला.