अक्कांचा खड्यांचा डबा

"तू जा आता शालू, मुलं शाळेतून येतील. मी काही भीत नाही," शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी इंदूअक्का मला इस्पितळात म्हणाल्या. बोलताना त्यांची दोन बोटं चादरीवरून काहीतरी वेचत होती. जिना उतरताना मला त्या बोटांचा अर्थ कळला... आणि तरीही मी परत वर गेले नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा निरोप आला, तो सगळं संपल्याचाच. दीड महिना झाला, मी अजून त्या जिन्यातच उभी आहे.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. लग्न होऊन मी सोलापूरहून बंगळूरला आले, विमानांच्या कारखान्याच्या वसाहतीत. शेजारी निपाणीकडच्या, बोलताना मध्येच कानडी शब्द टाकणाऱ्या इंदूअक्का. अण्णा आणि आमचे हे, दोघेही पाळीपाळीने नव्या विमानाच्या चाचणीसाठी वैमानिकाबरोबर वर जायचे. डोक्यावर घरघर सुरू झाली की आम्ही बायका हातातली कामं टाकून अंगणात येत असू. अक्का मात्र ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या. या बाईला काळीज आहे की नाही, असं आम्ही पाठीमागे बोलायचोसुद्धा. मी तर पक्की भित्री भागूबाई! एकदा हे वर असताना आवाज मध्येच बंद पडला. मी अनवाणीच अक्कांकडे धावले. त्यांनी हात धरून मला बसवलं आणि सूप माझ्या मांडीवर ठेवलं. "इंजिन मुद्दाम बंद करून बघतात गं. येतील खाली. तू खडे काढ बघू. सापडला की मला दाखव." मी एकेक खडा दाखवत राहिले. पुष्कळ वेळाने फाटकाशी ह्यांच्या सायकलची घंटी वाजली, तेव्हा कुठे मला रडू आलं.

पुढे वर्षभर तेच. विमान वर, मी अक्कांच्या ओसरीवर. एका सकाळी विरजण मागायला मागच्या दाराने गेले, तर अक्का एका पत्र्याच्या डब्यातले खडे निवडलेल्या तांदळात मिसळत होत्या!

"अहो अक्का, हे काय?"

त्या ओशाळल्या. "आज हे वर जाणार. तांदूळ तर निवडून झाले... हाताला काही सापडायला नको?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भीती जात नाही गं. मला तुझ्याहून जास्त वाटते. आलीच आहे तर तिला पाट द्यायचा, स्वल्प काम द्यायचं, मग ती घरभर नाचत नाही. ह्यांना मात्र सांगू नकोस. वर गेल्यावर माझी काळजी नको त्यांना." मी तसा शब्द दिला.

त्यानंतरच्या खेपेला त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. "सरी, बरं तर, आता आपल्या घरी निवड." मी आठ दिवस अबोला धरला. पण त्या दुपारी मी एकटीने बसून शेरभर तांदूळ निवडले. एकदाही अंगणात धावले नाही. ह्यांच्या मोठ्या आजारपणात मला त्या दुपारचाच आधार झाला.

गेल्या रविवारी अण्णा तो डबा घेऊन आमच्याकडे आले. "तांदळाच्या पिंपामागे सापडला. खडे कशाला जपून ठेवले असतील हिने?" मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "कधी म्हणून घाबरली नाही हो. शेवटीसुद्धा म्हणाली, मी भीत नाही."

अक्कांना दिलेला शब्द आठवला. तो जिनाही आठवला. मी आत जाऊन सुपात तांदूळ घेऊन आले, त्यात डब्यातले खडे ओतले, हाताने कालवले आणि सूप अण्णांपुढे ठेवलं.

"तुम्ही वर असलात की त्या असं करायच्या. निवडा, अण्णा."

त्यांनी चष्मा चढवला. चार-दोन खडे निघाल्यावर त्यांचा हात थांबला.

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी," मी म्हणाले.

अण्णांनी सूप जवळ ओढलं, पुढचा खडा काढला आणि मला दाखवला.