कोरड्या बोडीतली आंघोळ

मॅडमनं पेनाच्या टोकानं माझं नाक वर उचललं. समोर बाकावर पाच पेशंट बसले होते, त्यांच्यासमोर. पेनाची निळी शाई नाकाला लागली.

"ऐसी नाक लेके काउंटर पे बैठेगी, तो लोग हमसे नाक बनवाएँगे क्या?"

बाकावरची एक बाई फिसकन हसली. मीही हसली. मला आज लाज वाटते ती त्या माझ्या हसण्याची. पेनाची नाही.

गोंदियातला नाक-चेहरा सुधारायचा दवाखाना होता तो. मॅडम म्हणजे डॉक्टरची बायको, सगळा कारभार तिच्याच हातात. मी तिरोड्याजवळच्या खेड्यातली, बौद्ध घरची पोरगी. बारावी पास, वर नर्सिंगचा छोटा कोर्स. गोंदियातच भाड्याच्या खोलीत राहत होती. पहिल्या दिवशी मॅडमनं आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि "अच्छा" म्हणाली. तो "अच्छा" आमच्या लोकांना बरोबर कळते.

सकाळी काउंटर सांभाळायचं. दुपारी मागच्या खोलीत ऑपरेशनचं सामान वाफेच्या मशीनमध्ये लावायचं. प्रत्येक पाकिटावर एक चिकटपट्टी असायची. वाफ पुरी लागली की पट्टीवरच्या रेघा काळ्या होतात. मग ती पट्टी काढून रजिस्टरात चिकटवायची, खाली सही करायची. ते रजिस्टर माझ्या अक्षराचं होतं आणि मला त्याचा मोठा तोरा होता.

पेनाच्या त्या प्रकारानंतर चार दिवसांनी मॅडमच गोड बोलायला लागली. डॉक्टर तुझं नाक फुकट करून देतील म्हणे. बदल्यात माझे दोन फोटो अल्बममध्ये लागणार, आधीचा आणि नंतरचा. पेशंट आला की तो अल्बम त्याच्या हातात मीच द्यायचा.

गावी जाऊन मायला सांगितलं. माय दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करून म्हातारी झालेली बाई.

"आज्याचं नाक हाय ते, बाई. त्याले तू कायले कापतेस?"

मी तिच्यावर खेकसली. तुले काय समजते, म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते नाक नकोच होतं. शाळेत मागच्या बाकावरून "चपटी" ऐकून माझे कान किटले होते. फुकटात सुटका होऊन राहिली होती, मग सोडायची काऊन?

ऑपरेशनं रविवारी व्हायची. एप्रिलचा शेवटचा रविवार होता. त्या दिवशी तीन नाकं होती आणि माझं तिसरं. वाफेची मशीन अर्ध्यात असताना लाइन गेली. लोडशेडिंग. जनरेटर होता, पण तो एसीला आणि ऑपरेशनच्या दिव्याला पुरायचा, मशीनला नाही. मी पाकीट बाहेर काढलं. आत नाकात बसवायचा सिलिकॉनचा तुकडा, खोबऱ्याच्या कापासारखा पांढरा, माझ्याच मापाचा. वरच्या पट्टीच्या रेघा फिक्याच होत्या. मी डॉक्टरला पट्टी दाखवली. ते म्हणाले, दवाईत बुडवून घेऊ, चलता है.

मी गप बसली. हे मी लपवून ठेवणार नाही. फिकी पट्टी मी पाहिली होती, तिचा अर्थ मला येत होता, आणि तरी मी टेबलावर जाऊन झोपली. फुकटचं आहे, जास्त बोललं तर हातचं जाईल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. झोपायच्या आधी मात्र सवयीनं पट्टी रजिस्टरात चिकटवली आणि सही केली.

तीन आठवडे सगळं छान होतं. सूज उतरली, नंतरचा फोटो निघाला, अल्बमच्या आठव्या पानावर मी लागली. मॅडम पेशंटला सांगायची, देखो, ये हमारी ही लड़की है. हमारी!

मग शेंडा लाल झाला. आधी नुसता ठणका, मग ताप, मग नाकपुडीतून पू. वास असा की मलाच माझ्याजवळ बसवेना. मॅडमनं कपाटातल्या गोळ्या दिल्या. आठ दिवस खाल्ल्या, काही फरक नाही. शेंड्याची कातडी पातळ होत गेली आणि एका सकाळी आरशात तिच्याखाली पांढरं टोक दिसलं.

त्या दिवशी मॅडमनं मला काउंटरवरून उठवलं. मागच्या खोलीत, पोछ्याच्या बादलीजवळ स्टूल दिला. पाण्याचा माझा ग्लासही वेगळा काढला. इन्फेक्शन है ना, म्हणाली. माझी आजी गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या अंगणात करवंटीत चहा प्यायची, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. तो काळ गेला असं समजत होती मी. तो ग्लास हातात घेतला आणि समजलं, काही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. सही केली तर तुकडा आजच काढून देतो म्हणाले. मी कागद वाचला. मी माझ्या गावच्या बोडीत आंघोळ केली, त्यामुळे जखमेत घाण जाऊन पू झाला, दवाखान्याचा यात दोष नाही. असं. माझ्या नावानं.

"तुम लोगों का यही है," डॉक्टर म्हणाले. "साफ-सफाई नहीं रखते, फिर डॉक्टर को बोलते हो."

नाक ठणकून राहिलं होतं. कातडी केव्हाही फाटली असती. सही केली की सुटली, हे मला समजत होतं. मॅडमनं पेन पुढं केला, तोच निळा. मी तो घेतला, टोक कागदाला टेकवलं. आणि "बोडीत" या शब्दावर माझी नजर अडली.

बोडी म्हणजे आमच्या गावचं शेतालगतचं लहान तळं. जूनचा पहिला आठवडा, मिरुगही लागला नव्हता. एप्रिलपासून बोडी कोरडी ठण्ण पडली होती.

मी म्हटलं, "सर, आमच्या बोडीत पाणीच नाही. पोरं तिच्यात क्रिकेट खेळून राहिले. मी आंघोळ कशात केली?"

डॉक्टरनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमला त्यात अडण्यासारखं काही वाटलंच नाही.

"तो कुआँ लिख दो."

बस्स. बोडी नाही तर विहीर, विहीर नाही तर नाली. पाणी कोणतंही चाललं असतं, घाण फक्त आमची असायला पाहिजे होती. पेशंटसमोर नाक उचललं तेव्हा मी हसली होती. आता नाही हसली. पेनाचं टोपण लावलं, पेन कागदावर ठेवला.

"नाही करत," मी म्हटलं.

मागच्या खोलीत गेली, रजिस्टर उचललं, समोरच्या दुकानात फिक्या पट्टीच्या पानाची झेरॉक्स काढली आणि रजिस्टर आणून जागेवर ठेवलं. चोर मी नाही. मायला बोलावून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीनं तिच्यासोबत नागपूर गाठलं. सरकारी दवाखान्यात तुकडा काढला. तो मी मागून घेतला, बाटलीत. नाक मधोमध खचलं, शेंड्याला खड्डा राहिला. मायनं "सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. रोज नाकावरची पट्टी बदलायची आणि मला जेवू घालायची.

मी डॉक्टरविरुद्ध तक्रार लिहिली. पट्टी फिकी होती, मी पाहिली होती आणि मी गप बसली, हे पहिलंच वाक्य. माझे वकील म्हणाले, ते काढ, तुझ्यावरच उलटेल. काढलं नाही. खोट्या कागदावर सही न करण्यापायी मी नाक घालवलं, आता स्वतः खोटा कागद लिहू काय?

मागच्या रविवारी त्या दवाखान्यात गेली. बाकावर एक कॉलेजातली पोरगी अल्बम चाळत होती. आठव्या पानावर मी तशीच लागलेली, आधी आणि नंतर. मी शेजारी बसली आणि आताच्या नाकाचा फोटो त्या पानावर ठेवला. पोरीनं फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मॅडम काउंटरवरून उठून आली. उठ म्हणाली, बाहर जा.

"मी इथली पेशंट हाय. पेशंट बाकावरच बसते."

पोरीनं अल्बम मिटला, चपला घातल्या आणि गेली.

त्या फोटोच्या मी पन्नास प्रती काढून ठेवल्या आहेत. जोवर आठव्या पानावर मी आहे, तोवर दर रविवारी त्या बाकावरही मीच आहे.