चिंधी बांधलेली वांगी

नाताळची सुट्टी लागली की माझा धाकटा भाऊ आणि भावजय मुंबईहून रत्नागिरीला येतात, आणि त्यांनी आठ दिवस काय खायचं ते मी ठरवते. आमच्या बाजारात भाजी बहुतेक घाटावरून येते, ट्रकमधून. एरवी मीही ती मुकाट्याने घेते. पण पाहुणे यायचे म्हटलं की मला जोर चढतो. मग लाल माठ, मुळा, पावट्याच्या शेंगा आणि मुख्य म्हणजे वांगी, सगळं काकींच्या मळ्यातलंच लागतं.

काकी माझ्या नात्यातल्या नव्हेत. लांज्याच्या रस्त्याला एक फाटा लागतो, तिथून आत त्यांचं गाव. वर सगळा कातळ आणि खाली ओढ्याकडेला त्यांची चार खाचरं. भात कापून झालं की त्याच ओलीवर त्या भाजी करतात. आठ वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर डिसेंबरात तिथे जाते. त्या मला वयनी म्हणतात. त्यांची वांगी लहान, गोल, फिकट हिरवी, वर जांभळ्या रेघा. भरली वांगी करावी तर त्यांचीच, असं मी इतक्यांदा म्हटलंय की घरात आता कोणी ऐकत नाही.

भावजय मात्र ऐकते. ती मुंबईत जन्मलेली, मुंबईत वाढलेली, आणि प्रत्येक गोष्ट विचारते. हे काय, असं का, कधी पेरतात. पस्तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारायला लावले, पण घरातल्या माणसाने विचारलं की मला हसू येतं. तीन वर्षांपूर्वी काकींनी मला चिमूटभर वांग्याचं बी दिलं होतं, 'दारात दोन झाडं लावा' म्हणून. मी ते कपाटात टाकलं. पुढच्या नाताळात ते भावजयीला दिसलं. म्हणाली, "ताई, मी नेऊ का?" मी म्हटलं, "ने की. गॅलरीत मळा कर आणि आम्हाला हुरडा खायला बोलाव." भाऊ पोट धरून हसला. तीही हसली, पण पुडी तिने पर्समध्ये नीट ठेवली.

गेल्या वर्षीच्या नाताळात मी तिला पहिल्यांदाच मळ्यात घेऊन गेले. काकी बांधावर बसून पावटा खुडत होत्या. "तुमी तोडाय लागा, मी च्या घेऊन येतंय," म्हणाल्या आणि वर घराकडे गेल्या. आम्ही दोघी वांग्यात शिरलो. कडेच्या दोन झाडांवर सात वांगी अशी होती, की बघत राहावं. एकालाही कीड नाही, तुकतुकीत, आणि प्रत्येकाच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली.

"ताई, ही चिंधी कशाला असेल?" भावजयीने विचारलं.

"कशाला म्हणजे? मी फोन केला होता ना, आमच्यासाठी चांगली ठेवा म्हणून. खूण करून ठेवलीत. अशी ओळख लागते हो."

"काकी येईपर्यंत थांबूया का?"

मी थांबले नाही. सातही वांगी तोडली, चिंध्या सोडून बांधावर टाकल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून सांगितली असेल.

काकी चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांना आधी चिंध्या दिसल्या. मग त्यांनी माझ्या पिशवीत पाहिलं. चहाची किटली खाली ठेवली.

"वयनी, चिंदीवाली पन तोडलीत?"

"आमच्यासाठीच ठेवलीत ना?"

"तुमची घरात काडून ठेवलीत, टोपलीत. ही बियाला ठेवलेली वो."

मग त्यांनी सांगितलं. ते बी त्यांनी लग्नात माहेराहून पदराला बांधून आणलेलं. दर वर्षी पहिल्या बहरातली उत्तम फळं चिंधी बांधून झाडावरच पिवळी होऊ द्यायची आणि त्यांचंच बी पुढच्या सालाला. माहेरी आता भावांनी काजू लावलेत, वांगं कोणी करत नाही. उरलेलं बी त्या ज्याला त्याला वाटून टाकत, कारण नवीन येणारच असायचं; नेणाऱ्यांपैकी कोणी ते राखलं नव्हतं. मला दिलेली चिमूट त्यातलीच.

मी पिशवी पुढे केली. त्या म्हणाल्या, "तोडल्यालं काय परत लागतंय? खावा. मी फुडच्या बहराचं धरीन." आणि चहा ओतला. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी भावजयीने वांगी चिरली. आत बी कोवळं, दुधाळ. पेरायला कुचकामी. भरली वांगी झाली, भावाने बोटं चाटली, मी अर्धं वांगं कसंबसं खाल्लं.

संक्रांतीच्या आधी, भोगीची भाजी आणायला म्हणून मी पुन्हा मळ्यात गेले. खरं तर पुढच्या बहराला चिंध्या बांधल्या का ते बघायला गेले. आदल्या दिवशी वानरांचा कळप उतरला होता. वांग्याची सगळी झाडं मुळासकट उपटून टाकलेली. काकी बुडखे गोळा करत होत्या. "माकडांस्नी कुटं कळतंय चिंदी," म्हणाल्या. त्यांच्या मनात टोमणा नव्हता, पण मला तो लागला. माकडांना कळत नाही ते ठीक. मला कळायला हवं होतं.

त्या दिवशी मी भावजयीला फोन केला आणि, मला लाज वाटते सांगायला, रडले. एका बाईचं माहेर मी पिशवीत भरून आणलं आणि शिजवून खाल्लं, असं काहीतरी बोलले. मग ती म्हणाली, "ताई, माझ्याकडे एक झाड आहे."

तिने ती पुडी पावसाळ्यात पेरली होती. तेलाच्या रिकाम्या डब्यात, चौथ्या मजल्याच्या गॅलरीत. पाच रोपांतलं एक जगलं. डिसेंबरात त्याला नुसती फुलं होती, आता एक वांगं धरलं होतं.

"तोडू नकोस," मी म्हटलं.

"नाही तोडत. परवाच चिंधी बांधलीय."

"अगं, मग डिसेंबरात बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसला असतात, ताई."

खरं होतं. मी हसलेच असते.

मे महिन्यात आंब्यासाठी भाऊ आला, तेव्हा त्याच्याबरोबर तिने बी पाठवलं, चिंधीत बांधून. मी ते तसंच काकींकडे नेलं. त्यांनी तळहातावर ओतलं, हलकी फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरून पाहिला. मग निम्मं बी परत त्याच चिंधीत बांधून माझ्या हातात दिलं. "ह्ये मुंबईला धाडा. तितं वानरं नाय येत."

परवा, यंदाच्या नाताळासाठी, आम्ही दोघी पुन्हा गेलो. बांधावर गावातली एक बाई उभी होती, वांगी बघत होती. कसलं बी हे, तिने विचारलं. काकींनी भावजयीकडे हात केला. "मुंबईचं हाय. ह्यांच्या गॅलरीतलं."

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. झाडांकडे गेले. कुठे चिंधी होती, कुठे नव्हती. मी पिशवी खाली ठेवली, हात मागे घेतले आणि आठ वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "काकी, यातली कुठली तोडू?"